नाथ पै चौकातले नाथ पै: खासदार कोकणचे, मग आपले कोण?

हातमाग (शहापूर, बेळगाव) | रविवार, रात्री ९:२०

परवा भाचीला स्कूटरवर मागं बसवून शहापुरातनं चाललो होतो. चौकात नेहमीसारखी कोंडी. एका बाजूनं केळीची गाडी, दुसऱ्या बाजूनं रिक्षा, मधी मी. भाची चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा पत्ता अक्षरं जुळवत वाचला आणि विचारते, "मामा, नाथ पाय म्हणजे कुणाचे पाय?"

मी मोठ्यानं हसलो. मग म्हटलं, पाय नव्हे गं, पै. आडनाव आहे. खासदार होते.

"बेळगावचे?"

"नाही, कोकणातले."

"मग त्यांचा चौक इथं कशाला?"

मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला म्हणून सुटलो. पण खरं सांगायचं तर मलाही धड सांगता आलं नसतं. याच चौकातनं रोज दोनदा जातो, चाळीस वर्षं. रात्री घरी येऊन कपाटातले जुने विशेषांक, कात्रणं काढून बसलो. त्यातनं जे हाती लागलं ते इथं मांडतो. चुकलो तर सांगा.

नाथ पैंचा जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२. वडील लहानपणीच गेले आणि घर घाट चढून बेळगावला आलं. त्यात नवल काही नाही. वेंगुर्ला, सावंतवाडीच्या माणसाला शिक्षणाला, दवाखान्याला, रेल्वे पकडायला बेळगावच जवळ. मुंबई बोटीनं, तीही पावसाळ्यात बंद. आंबोली चढलं की आपलं गाव. शहापुरात आजही दर चौथ्या घरात कुणाचं तरी मूळ घाटाखालचं निघतं.

म्हणजे मुलगा बेळगावात वाढला. ४२ च्या चळवळीत तुरुंगात गेला. पुढं लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला. तिकडंच समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. पत्नी क्रिस्टल, ऑस्ट्रियाच्या. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस १९५७ ला निवडणुकीला उभा राहिला तो राजापूर मतदारसंघातनं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ चा. सगळा रत्नागिरी जिल्हाच. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, निवडून आले. मग १९६२, मग १९६७. तिन्ही वेळा प्रजासमाजवादी पक्ष आणि तिन्ही वेळा विरोधी बाक. मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, साखर कारखाना नाही (कोकणात ऊसच कुठला म्हणा).

आणि शेवट? १८ जानेवारी १९७१, बेळगाव. आदल्या दिवशी आपल्याकडं हुतात्मा दिनाला येऊन बोलले होते. वय पुरतं ४९ सुद्धा नाही.

तर भाचीचा प्रश्न मी इथं टाकतो. मतं दिली समुद्राकाठच्या माणसांनी. पाटी लावली आपण. हे गणित कसं जुळतं? आणि ज्याच्या हाती कधी सत्ता आली नाही त्या खासदाराची कारकीर्द मोजायची कशानं?


निपाणीचा_तंबाखू | रविवार, रात्री ९:४१

"नाथ पाय" वाचून चहा सांडला. बाकी नंतर लिहितो, आधी लुंगी बदलतो.


येळ्ळूरकर | रविवार, रात्री १०:०५

गणित सोपं आहे की हो. आमच्या बाजूनं दिल्लीत बोलायला आमचा माणूस नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं. आम्ही निवडून दिलेले महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार बेंगळूरला जायचे, तिथं मराठीत बोलायचे, तिथलं सभागृह ऐकून सोडून द्यायचं. लोकसभेत बेळगाव हा शब्द पोटतिडकीनं उच्चारायचा कुणी? तर राजापूरच्या खासदारानं. म्हणून चौक.

आता बघा. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला एक नाही. २०२३ ला एक नाही. आणि आपण धागे काढून विचारतो, चौक इथं कशाला.


हातमाग | रविवार, रात्री १०:१२

अहो मी नाही विचारलं, भाचीनं विचारलं. तिचं वय नऊ.


येळ्ळूरकर | रविवार, रात्री १०:१४

तिला माझा नमस्कार सांगा. राग तुमच्यावर नव्हता.


खानापूर_पॅसेंजर | सोमवार, सकाळी ६:५०

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण या विषयाला राहवलं नाही.

नव्या पोरांसाठी १७ जानेवारी म्हणजे काय ते आधी. १९५६ च्या जानेवारीत नेहरूंनी रेडिओवरनं राज्य पुनर्रचनेचा निर्णय सांगितला. मुंबई महाराष्ट्राला नाही आणि बेळगावही नाही. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, बेळगावात लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बेळगावचेही हुतात्मे आहेत. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनची गोष्ट सगळे सांगतात. इथंही रक्त सांडलं हे फार कमी जण सांगतात. तेव्हापासून दर वर्षी १७ जानेवारीला आपण हुतात्मा चौकात जमतो.

१९७१ ला मी चौदा वर्षांचा. वडील खानापूरहून सभेला गेले होते. मला नेलं नाही, दुसऱ्या दिवशी शाळा होती. रात्री उशिरा आले. आईनं भाकरी झाकून ठेवली होती, तिच्याकडं बघितलंच नाही. हातपाय न धुता ओसरीवर बसून शेजारच्या काकांना भाषण सांगत होते. ते वाक्यं सांगत नव्हते, आवाज सांगत होते, इथं असा खाली आणला, मग असा वर नेला. काका तंबाखू मळायचे थांबले होते, एवढं मला दिसतंय अजून.

सकाळी दूधवाला आला तो बातमी घेऊनच. वडील म्हणाले, "खुळा आहेस काय, काल रात्री मी ऐकून आलोय." मग कुणाच्या तरी घरी रेडिओ लावला.

ती भाकरी तशीच राहिली होती. आईनं गाईला घातली.


मिरजोळे | सोमवार, सकाळी ९:१५

मी तर लहानपणापासून ऐकत आलो की ते बेळगावच्या व्यासपीठावरच भाषण करताना कोसळले. नाही का?


हातमाग | सोमवार, सकाळी ९:३०

नाही. मीही तेच ऐकलं होतं, म्हणून काल मुद्दाम तपासलं. भाषण १७ चं, निधन १८ चं. हृदयविकार. माणसं गोष्ट सांगताना मधली रात्र गाळतात, कारण व्यासपीठावरचं मरण जास्त शोभतं. खानापूर_पॅसेंजर काकांनी ती रात्र परत जागेवर ठेवली. काका, लिहीत जा हो.


कोर्टकचेरी | सोमवार, दुपारी १:१०

(जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, पक्षकार बाहेर उभा आहे.)

एक तांत्रिक गंमत. २७ डिसेंबर १९७० ला इंदिरा गांधींच्या शिफारशीवरनं लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली होती. त्यामुळं नाथ पै गेले तेव्हा काटेकोर बोलायचं तर ते खासदार नव्हते, माजी खासदार होते. पदावर नसताना, दुसऱ्या राज्यात, ज्या गावात त्यांच्या मतदारसंघातलं एक मत नाही तिथं ते बोलायला आले होते. पुढची निवडणूक दोन महिन्यांवर. हिशेबी माणूस त्या दिवशी कणकवलीत फिरला असता.


सुरंगी | सोमवार, दुपारी ३:४०

माझं माहेर वेंगुर्ला, सासर टिळकवाडी. म्हणजे माझी वाट नाथ पैंच्या आईचीच वाट. त्या परिस्थितीनं आल्या, मी लग्नानं.

आमच्याकडं त्यांना बॅरिस्टर वगैरे कुणी म्हणत नसे. आजी "नाथ" म्हणायची, एकेरी, जसं देवाला म्हणतात किंवा घरच्या पोराला. तिला पक्षाचं नाव शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. प्रजासमाजवादीची निशाणी झोपडी. ती सांगायची, "आमी झोपडेर शिक्को मारलो. झोपडी आमचीच, नाथ आमचोच, मग आणि इचारूचा काय?" आता प्रचारशास्त्रातल्या लोकांनी यावर खुशाल पुस्तक लिहावं.

पण वर हातमागदादांनी विचारलं ना, मोजायचं कशानं, त्याला मी बाईमाणसाच्या बाजूनं उत्तर देते. तेव्हा आमच्या गावात पुरुष असायचेच कुठे? सगळे मुंबईला. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या तरी खोलीवर वळकटी टाकून. घरी बायका, म्हातारी आणि मनीऑर्डर. बोट नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायची. त्याआधी मुंबईत कुणी आजारी पडलं तर घाट चढून वर यायचं आणि गाडी पकडायची, किंवा रडत बसायचं. अशा मुलखात खासदार दिल्लीत चांगलं बोलला तर आम्हाला काय मिळालं? मिळालं. मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याचं भाषण छापून यायचं, गिरणीतला माणूस ते कात्रण पत्रात घालून गावी पाठवायचा आणि शाळामास्तर ते वाचून दाखवायचे. आमच्या माजघरात असं एक कात्रण देवाच्या फोटोमागं खोचलेलं होतं. कसलं ते मला आठवत नाही, वाळवीनं निम्मं खाल्लं होतं. आजीला वाचता येत नव्हतं तरी तिनं ते काढू दिलं नाही.


निपाणीचा_तंबाखू | सोमवार, दुपारी ४:०२

सुरंगीताई, सुंदर. पण मी जरा खडा टाकतो. कात्रणानं पोट भरत नाही. १४ वर्षं खासदार आणि रेल्वे आली १९९८ ला! तोवर दोन पिढ्या बोटीत ओकून झाल्या.


रुळावरून | सोमवार, संध्याकाळी ७:२५

आला माझा विषय!

कोकण रेल्वेचं श्रेय एका माणसाला देणारा आणि एका माणसाला दोष देणारा, दोघांनाही रेल्वे कळत नाही असं माझं स्पष्ट मत. ती लाईन म्हणजे चार जणांच्या खांद्यावरनं आलेली पालखी आहे. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसानं सर्वेक्षणाचा ध्यास घेतला. नाथ पैंनी लोकसभेत मागणी लावून धरली. ते गेल्यावर मार्च १९७१ च्या निवडणुकीत राजापुरातनं मधु दंडवते आले. इंदिरा लाटेत प्रजासमाजवादीच्या देशभरात फक्त २ जागा राहिल्या, त्यातली ही एक. घाटाखालच्या लोकांनी झोपडी सोडली नाही! दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. मग १९८९ च्या सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि १९९० ला महामंडळ झालं. महामंडळाचे प्रमुख म्हणून अभियंते श्रीधरन आले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर.

यात नाथ पैंचा वाटा किती? विरोधी खासदाराच्या हातात रेल्वेबद्दल तीन गोष्टी असतात. प्रश्न विचारणं, अर्थसंकल्पावर बोलणं आणि मंत्र्याला पत्र लिहिणं. यातल्या कशानंही स्लीपर पडत नाही. पण मागणी कागदावर जिवंत राहते. फाईल मेली की पुढच्या माणसाला शून्यापासनं सुरू करावं लागतं. दंडवत्यांना शून्यापासनं करावं लागलं नाही.

आपल्या बेळगाव-सावंतवाडी मार्गाचं काय झालं बघा. अधूनमधून सर्वेक्षणाची बातमी येते, आपण पेढे वाटतो, पुन्हा सगळं गप्प. का? सलग पंधरा वर्षं त्याच एका गोष्टीवर डोकं खाणारा माणूस नाही.

(दंडवते पण १९९१ ला पडले बरं का. रेल्वेचं काम चालू असताना. लोकांचं काय सांगावं.)


कोर्टकचेरी | सोमवार, रात्री १०:३०

सगळं रेल्वेवरच घसरलं म्हणून लिहितो. नाथ पैंची संसदेतली सगळ्यात मोठी गोष्ट राहूनच गेली. चुलीवर ठेवलेलं दूध सोडून आपण साय शोधतोय.

१९६७. फेब्रुवारीच्या २७ तारखेला सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. ११ न्यायमूर्ती, ६ विरुद्ध ५. निकाल काय, तर मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. खटला होता जमिनीचा. पंजाबातलं एक जमीनदार घराणं, कमाल जमीन धारणेच्या कायद्यानं जादा ठरलेली जमीन. आणि हे आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवावं, त्याच सुनावणीत म्हैसूरच्या जमीन सुधारणा कायद्यालाही आव्हान होतं. म्हणजे ज्या कायद्याखाली इथली कुळं अर्ज करत होती तोच.

निकालानंतर महिना-सव्वा महिन्यात नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. मागणी एकच: संसदेला घटनेचं कुठलंही कलम बदलता आलं पाहिजे, मूलभूत हक्कांसकट. 'नाथ पै विधेयक' म्हणून ते गाजलं. देशभरचे वकील, प्राध्यापक, वर्तमानपत्रं दोन गटांत वाटली गेली.

खासगी विधेयक म्हणजे काय तेही सांगतो. मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेलं ते खासगी. शुक्रवारी दुपारी अडीच तास त्यासाठी. त्या वेळी निम्मे सदस्य स्टेशनवर असतात. नंबर लागायला चिठ्ठ्या टाकतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. त्यानंतर एकही नाही. या बोळातनं एक माणूस घटनेचं कलम ३६८, म्हणजे घटनादुरुस्तीचं कलम, घेऊन निघाला होता आणि ते संयुक्त समितीपर्यंत पोचवलं.

पास झालं नाही. पण १९७१ च्या नोव्हेंबरात इंदिरा सरकारनं २४ वी घटनादुरुस्ती केली, तिचा गाभा तोच. तोवर नाथ पै जाऊन दहा महिने झाले होते.


सुरंगी | सोमवार, रात्री १०:५०

वकीलसाहेब, ही चांगली गोष्ट की वाईट? संसदेला सगळं बदलता येतं म्हणजे माझा हक्कही काढता येतो की.


कोर्टकचेरी | सोमवार, रात्री ११:२०

ताई, नेमकं बोट ठेवलंत. इथंच माझं आणि नाथ पैंचं जमत नाही, आणि ते मला आवडतात म्हणूनच बोलतो.

१९७५ ची आणीबाणी आली. १९७६ ला ४२ वी दुरुस्ती झाली. तिच्यात लिहिलं की संसदेनं केलेल्या घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान नाही. 'संसद सर्वश्रेष्ठ' या विचाराचं टोक ते हे. त्याआधी १९७३ ला केशवानंद खटल्यात १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ असा मधला रस्ता काढला होता: बदला काय ते, पण मूळ चौकटीला हात लावायचा नाही. १९८० ला मिनर्व्हा मिल्सच्या निकालात त्याच जोरावर ४२ व्या दुरुस्तीतला तो भाग कोर्टानं उडवला. विचार करा, चौकट नसती तर १९७६ नंतर कोर्टाच्या हातात काय राहिलं असतं?

नाथ पैंसारखा लोकशाहीवादी माणूस, आणि विधेयक असं की बेबंद सरकारला आयतं हत्यार मिळावं. त्यांना आणीबाणी बघायला लागली नाही. बघितली असती तर ते तुरुंगात गेले असते, यात मला शंका नाही. पण स्वतःच्या विधेयकाबद्दल काय वाटलं असतं?


हातमाग | मंगळवार, सकाळी ७:४५

वकीलसाहेब, मी कायदा शिकलेला नाही, माग चालवणाऱ्या घरातला आहे. पण मला वाटतं तुम्ही ते विधेयक दिल्लीत बसून वाचताय. राजापुरात बसून वाचा.

कोकणात खोती होती. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा, आणि कुळानं पिकवलेल्या भातातला वाटा उचलणारा. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' धरून कसणारा मालक ठरला. तारीख बघा. नाथ पै पहिल्यांदा लोकसभेत गेले तेच हे वर्ष. त्यांना मतं देणाऱ्यांच्या हातात जमिनीचा कागद नुकता कुठं येत होता. काहींचा दाव्यात अडकलेला. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता. त्याच्या आडोशानं जमीनदार कोर्टात जाणार आणि कोर्ट म्हणणार संसदेला हात लावता येत नाही. मग त्या कुळानं जायचं कुठं? झोपडीवर शिक्का मारणाऱ्या आजीला 'मूलभूत हक्क' म्हणजे खोताचा हक्क दिसत असणार.

विधेयक बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ते समुद्राकाठच्या खाचरातनं वर आलेलं होतं.


कोर्टकचेरी | मंगळवार, दुपारी १:३५

हा मुद्दा मी कोर्टात ऐकला असता तर तारीख मागून घेतली असती. घेतो. विचार करून लिहितो.


निपाणीचा_तंबाखू | मंगळवार, दुपारी १:५०

बेळगावच्या वकिलानं तारीख मागितली. यात नवीन काय?


येळ्ळूरकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सगळं खरं. पण सीमाभागाला त्यांच्या कारकिर्दीचं फळ काय? सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग १९६६ ला नेमला, सेनापती बापटांच्या उपोषणानंतर. अहवाल १९६७ ला आला. २६४ गावं महाराष्ट्राला द्या, २४७ गावं म्हैसूरला द्या आणि बेळगाव आहे तिथंच. नाथ पै लोकसभेत होते. काय झालं?

मी दोष देत नाही. विचारतो. माझ्या घरात तीन पिढ्या १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फिरल्या. तरी रेशनकार्ड कन्नडमधलंच.


धागापाल | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सूचना: सीमाप्रश्नावर मत जरूर मांडा. कन्नड भाषक शेजाऱ्यांवर शेरे आले तर उडवले जातील. एक उडवला आहे.


खानापूर_पॅसेंजर | मंगळवार, रात्री ८:१५

येळ्ळूरकर, मी तुमच्यापेक्षा बरीच वर्षं जास्त काळी फीत लावली आहे म्हणून बोलतो.

फळ काही नाही. अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, कर्नाटकानं डोक्यावर घेतला, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. नाथ पैंनी बेळगाव मिळवून दिलं नाही. कुणीच दिलं नाही. पण एक फरक मला कायम दिसला. पुढं पुढं आपल्याकडं बाहेरून जे पुढारी आले ते मोर्च्याच्या पुढं चालायचे, फोटो काढायचे, संध्याकाळी कोल्हापूरला मुक्कामाला. नाथ पैंना या गावातली गल्ली आणि गल्ली ठाऊक. ते "तुमचा प्रश्न" म्हणत नसत असं वडील सांगायचे. पाहुणा म्हणून आलेला माणूस आणि घरी आलेला माणूस, दारात चप्पल कशी काढतो त्यावरनं कळतं.


मिरजोळे | मंगळवार, रात्री ८:४०

सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २०२२ मध्ये ठरवलं, जन्मशताब्दीचं वर्ष म्हणून. ज्या मुलखाला रेल्वे मागता मागता माणूस गेला त्या मुलखात विमानतळ! आजीला सांगायला हवं होतं, सुरंगीताई.


सुरंगी | मंगळवार, रात्री ९:१०

आजी म्हणाली असती, "इमान कित्याक? यष्टी येळार येऊ दे."

खरंच, कुणी बेळगाव-वेंगुर्ला गाडीनं अलीकडं गेलंय का? पाटणे फाटा, कानूर, आंबोली. पावसात गेलात तर घाटात काचेवर नुसतं दूध. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून रस्ता बघतो, आणि धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्या आडव्या लावलेल्या. घाट उतरला की पहिली जाग नाकाला येते, हवा जड होते, चिकट होते, मग माड दिसायला लागतात. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे सगळं. पण माहेरी जाताना मला ते कधी दोन राज्यांतलं वाटलं नाही. कंडक्टर बदलतो तेवढंच.


रुळावरून | मंगळवार, रात्री ९:३०

आंबोलीला खाली जाताना डाव्या बाजूला बसा. फुकटचा सल्ला.


हातमाग | शनिवार, रात्री ८:००

चार दिवस मागावर होतो, आत्ता सगळं एका बैठकीत वाचलं. वकीलसाहेबांची तारीख अजून पडलेली दिसत नाही.

भाचीचा निकाल सांगतो. शाळेत 'आमचा परिसर' असा पाच ओळींचा निबंध होता. मला न विचारता तिनं लिहिला. चौथी ओळ अशी: नाथ पै समुद्राचे खासदार होते आणि आमच्या गावात वारले. बाईंनी 'समुद्राचे' या शब्दाभोवती लाल गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलंय. पाचपैकी साडेतीन.

ही म्हणते, मामा, बाईंना येऊन सांग की बरोबर आहे म्हणून. जाऊ का?


सुरंगी | शनिवार, रात्री ८:१२

जा की. आणि मे महिन्यात तिला घेऊन वेंगुर्ल्याला या. बंदरावर उभं राहून मतदारसंघ दाखवू.


कोर्टकचेरी | शनिवार, रात्री ११:५५

साडेतीनवर अपील करा. वकीलपत्र मी घेतो, फी नको. ३६८ वर उद्या लिहितो.


निपाणीचा_तंबाखू | रविवार, सकाळी ८:०५

उद्या उजाडला हो, वकीलसाहेब.